लायनसचा उसना पिचर

लायनस टेरहार दुधाची टाकी उघडली की आधी नाक खाली न्यायचा, मग मापाची पट्टी. आमच्या सेंट ओथमार गावाच्या आसपासच्या गोठ्यांतून दूध उचलून टँकरने डेअरीला पोचवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. गाई रानकांद्यात शिरल्या असतील तर त्याला वासावरून कळायचं. पण तो शेतकऱ्याला तसं तोंडावर म्हणायचा नाही. "आज वारा खालच्या कुरणाकडून आहे वाटतं," एवढंच म्हणायचा, आणि शेतकऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

मिनेसोटाच्या या भागात आम्ही सगळे असेच. कसं काय विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वाईट नाही." गिल्बर्ट थेलनचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला तेव्हा डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं होतं. मी मूळची शहरातली. या गावात शिकवायला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही माणसं फार सुखी आहेत.

लायनस आणि त्याचा धाकटा भाऊ रोमन, दोघेही माझ्या वर्गात होते. लायनस गणितात पक्का आणि वाचायला उभं केलं की लाल व्हायचा. रोमन खिडकीजवळ बसायचा. त्याला रागवावं असं तो कधी काही करायचा नाही आणि शाबासकी द्यावी असंही फारसं नाही. पुढे बापाचं शेत रोमनकडे आलं. आमच्याकडे बरेचदा धाकट्याकडेच जातं, कारण म्हातारा थकतो तेव्हा घरात तोच उरलेला असतो. लायनसने टँकर घेतला. एक दिवसाआड तो रोमनच्या गोठ्यावर यायचा, टाकी रिकामी होईपर्यंत दोघे दूधखोलीच्या दारात उभे राहायचे. रोमनची बायको मार्सेला म्हणायची, "घरात माझ्याशी बोलत नाही तेवढं हा त्या टँकरशी बोलतो."

बोलणं असायचं बेसबॉलचं. चर्चच्या मागे आमचं मैदान आहे. रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना झाली की सगळं गाव तिथे. संघ गावातल्याच माणसांचा, पैसे कुणालाच नाहीत. लायनस संघाचा मॅनेजर होता आणि रोमन पिचर. पिचर म्हणजे मातीच्या उंचवट्यावरून चेंडू टाकणारा. सामन्याचे नऊच्या नऊ डाव तो एकटाच टाकू शकतो, नाहीतर दमला की मॅनेजर दुसऱ्याला आणतो. एकदा बाहेर काढला की मात्र त्या दिवशी परत टाकता येत नाही. रोमनचा चेंडू इतका हळू यायचा की फलंदाजाला विचार करायला वेळ मिळायचा, आणि बहुतेक जण तिथेच फसायचे.

१९७४च्या उन्हाळ्यात आमच्याकडे तीन पिचर होते. रोमन, डुकरं पाळणारा एक जण आणि पोस्टातला एक लंबूटांग. तिघंही साधे. लायनसने त्यांना वाटून खेळवलं. रोमन पहिले काही डाव टाकायचा, फलंदाजांना त्याच्या संथ चेंडूची सवय व्हायला लागली की डुकरंवाला कमरेतून आडवा टाकायला यायचा, आणि शेवटी लंबूटांग. कुणाचीच सवय होऊ द्यायची नाही, हा लायनसचा हिशेब. त्यावर आम्ही विभाग जिंकलो आणि कितीतरी वर्षांनी राज्य स्पर्धेला पोचलो.

आता राज्य स्पर्धेची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. पोचलेल्या संघाला विभागातल्या हरलेल्या संघांतले पिचर उसने घेता येतात. फक्त पिचर, बाकी कुणी नाही. हा उसना पिचर आपल्या गावाचाच शर्ट घालून खेळतो, त्यामुळे निळ्या शर्टांत एक लाल शर्ट उभा, असं दृश्य दर वर्षी कुठे ना कुठे दिसतं.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, बर्गहाइमचा डेल ओहमान. बावीस वर्षांचा, दारातून वाकून येणारा, मृदू बोलणारा पोरगा. त्याचा चेंडू फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात बसला की चर्चच्या भिंतीवर आवाज उठायचा.

गिल्बर्ट थेलन गावातला बार चालवायचा आणि संघाचा अध्यक्षही होता. उसनवारीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे शुक्रवारचे मासे खायला आम्ही सगळे जमलो होतो.

"डेलला घे," गिल्बर्ट काउंटरवरून म्हणाला. "विचार कसला करतोस?"

"आपले तिघं चांगले चाललेत," लायनस म्हणाला.

"चांगले चाललेत बर्गहाइमपुढे. तिकडे राज्यात रोज समोर वाघ असणार. वाघापुढे तू काय उभं करणार? पोस्टमन?"

लंबूटांग तिथेच होता. "पत्र नेऊन देईन त्याला," तो म्हणाला. सगळे हसले.

"वाघ रोज शिकार करत नाही," लायनस म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांत दोन सामने आहेत. पहिल्या दिवशी डेल टाकेल. दुसऱ्या दिवशी कोण टाकणार?"

"डेलच!"

"हात आहे त्याचा, गिल्बर्ट. पंप नाही."

"बरं, मग असं सांग. आत्तापर्यंत स्पर्धा जिंकलेल्या संघांपैकी किती जणांकडे मोठा पिचर नव्हता?"

"आणि मोठा पिचर असून पहिल्याच दिवशी घरी गेलेले किती?" लायनसने विचारलं. "ते कोण मोजतं? त्यांची नावंच कुणाला आठवत नाहीत."

मला वाटलं, वर्गात हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. पण बारमध्ये गुण गिल्बर्ट द्यायचा. तो म्हणाला, "मास्तरणीसमोर हुशारी दाखवू नकोस. बाई, तुम्हीच सांगा, घरात चांगला बैल असताना कुणी तीन वासरं जुंपतं का?"

मी म्हणाले, "गाडी कुठे न्यायची आहे त्यावर ते ठरेल." माझ्यावरही सगळे हसले, ते बरोबरच होतं.

लायनसने डेलला उसना घेतला. त्यासाठी त्याला कुणी दोष दिला नाही, आणि मीही देत नाही. पण दूधखोलीच्या दारात त्याने रोमनला शब्द दिला होता. हे मला नंतर लायनसनेच सांगितलं. "अंतिम सामना आला तर सुरुवात तू करायचीस. मागून बाकीचे. आपण आलो तसेच जायचं." रोमनचं वय अडतीस होतं, खांदा सकाळी वर जायचा नाही, आणि हा त्याचा शेवटचा उन्हाळा हे मार्सेलाला माहीत होतं. रोमन म्हणाला, "बघू." पण त्या आठवड्यात त्याने गोठ्याच्या भिंतीवर खडूने चौकोन काढला आणि धारा झाल्या की त्यावर चेंडू मारत बसायचा. मार्सेला म्हणाली, लग्नाच्या वर्षानंतर तिने त्याला शीळ घालताना पहिल्यांदा ऐकलं.

पहिले सामने आम्ही सगळ्यांना वाटून खेळलो आणि जिंकलो. सप्टेंबरच्या सुरुवातीला, आमच्याकडच्या कामगार दिनाच्या सुट्टीत, उपांत्य सामना रविवारी आणि अंतिम सोमवारी. रविवारी लायनसने डेलला सुरुवात दिली, हे ठरलेलंच होतं. ठरलेलं नव्हतं ते असं की डेलने नऊही डाव टाकले. चौथ्या-पाचव्या डावाला काढायचा होता, पण तो असा टाकत होता की त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. समोरच्यांना एकही धाव मिळाली नाही.

सामना संपल्यावर गाव मैदानावर उतरलं. "उद्या डेलच ना?" गिल्बर्ट विचारत होता, त्याच्या मागून डेअरीचे लोक, त्यांच्या मागून फादरसुद्धा. फादर म्हणाले, "देवाने दिलेला हात आहे, लायनस. देवघेवीत कंजुषी नको." लायनस हसत होता. मी त्याला ओळखत होते. तो हो म्हणत नव्हता, पण नाही म्हणायची त्याची ताकद माझ्या डोळ्यांदेखत कमी होत चालली होती. आणि खरं सांगायचं तर जिंकावंसं त्यालाही वाटत होतं. इतक्या वर्षांचा हिशेब एका दुपारी त्याला पोरकट वाटायला लागला असेल.

सोमवारी गाईंना सुट्टी नसते. पहाटेच्या फेरीत तो रोमनकडे गेला. रोमन धारेची नळी धूत होता.

"आज डेल सुरू करेल," लायनस म्हणाला. "तू तयार राहा."

"बरं," रोमन म्हणाला. आणि नळी धुऊन झालेली असताना त्याने ती पुन्हा धुवायला घेतली.

सातव्या डावापर्यंत आम्ही दोन-शून्यने पुढे होतो. आठव्यात डेलचे चेंडू वर राहायला लागले. वेग होता, पण चेंडू छातीच्या उंचीवर यायचे. त्यांनी एक धाव काढली. डेल उंचवट्यामागे जाऊन उजवा हात मांडीवर घासत होता. कुंपणाजवळ रोमन केव्हापासून हात गरम करत होता. त्याने एकदाही लायनसकडे पाहिलं नाही. मागायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

नवव्या डावात पहिल्याच माणसाने फटका मारून पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठला. लायनस उठून उंचवट्यावर गेला. मी पहिल्या ओळीत होते, मला ऐकू आलं.

"कसा आहे हात?"

"वाईट नाही," डेल म्हणाला.

आता मला सांगा, उसना आलेला, बर्गहाइमचा, आमच्याच मातीतला पोरगा दुसरं काय म्हणणार होता? दुसऱ्याच्या गावाचा अंतिम सामना हातात असताना तो हात दुखतो म्हणेल? जो माणूस वासावरून दूध ओळखायचा, शेतकऱ्याच्या 'वाईट नाही'चा अर्थ ज्याला रोज कळायचा, त्या लायनसने त्या दिवशी ते दोन शब्द जसेच्या तसे घेतले. मान हलवली आणि परत येऊन बसला.

एक फलंदाज बाद झाला. पुढच्या दोघांना डेलने चार-चार वाईट चेंडू टाकून फुकट बेसवर पाठवलं. तिन्ही बेसवर त्यांची माणसं, आमची आघाडी एका धावेची. तेव्हा लायनसने रोमनला बोलावलं.

रोमन आला. डेलने चेंडू त्याच्या हातात ठेवला आणि "माफ करा" म्हणाला. रोमनने त्याच्या पाठीवर थोपटलं. पहिल्या फलंदाजाला त्याने तीन संथ चेंडूंत बाद केलं. माणूस इतक्या लवकर बॅट फिरवायचा की आम्ही हसलो. एकच बाद हवा होता. पुढच्याला टाकलेले पहिले दोन चेंडू बाहेर गेले. तिसरा त्याने टाकला तो चांगला होता, आजही मी म्हणेन, चांगला होता. बॅटच्या टोकाला लागून चेंडू आमच्या दोन खेळाडूंच्या मधून गवतात गेला, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्याने रस्ता ओलांडावा तसा. त्यांची दोन माणसं धावत शेवटच्या बेसवर पोचली, म्हणजे दोन धावा. आम्ही हरलो.

डेलचा खांदा त्या दिवशी गेला. पुढच्या वर्षी तो खेळला नाही, नंतरही नाही. बर्गहाइमने त्यासाठी आम्हाला काही बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त परत कधी पिचर उसना दिला नाही.

आमच्या गावाने मात्र दोष शोधला, आणि तो शेवटचा चेंडू ज्याच्या हातून सुटला त्याच्याकडे गेला. दुष्टपणा नव्हता, गंमत होती. बारमध्ये बियरचं पिंप ऐन वेळी संपलं की गिल्बर्ट म्हणायचा, "रोमन येऊन गेला वाटतं." कुणाची गाडी चढावर बंद पडली की, "रोमनला चालवायला दिली होतीस काय?" पहिल्यांदा हे झालं तेव्हा रोमन तिथेच होता. तो हसला. दुसऱ्यांदाही हसला. मग तो यायचा बंद झाला. लायनस तिथे असायचा. ग्लासाकडे बघायचा. "उशीर मी केला" हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले असते तर ती गंमत त्याच रात्री मेली असती. त्याची बायको व्हेरोना त्याला रोज म्हणायची, "बोल की रे." तो म्हणायचा, "बोलेन. वेळ बघून."

वेळ आली फेब्रुवारीत, चर्चच्या हॉलमध्ये, संघाच्या वार्षिक जेवणाला. मार्सेलाने रोमनला ओढून आणलं होतं. ते दाराजवळच्या टेबलावर बसले. सॉसेज आणि आंबट कोबी झाल्यावर गिल्बर्टने लायनसला उभं केलं, राज्यात दुसरे आलो म्हणून एक लाकडी पाटी दिली आणि म्हणाला, "बोल, मॅनेजर."

लायनस उभा राहिला. कानापासून मानेपर्यंत लाल, अगदी शाळेत व्हायचा तसा. दाराजवळ रोमनने काटा ताटात ठेवला आणि वर पाहिलं. त्या जेवणात मी दुसरं काही पाहिलं नाही, ते तोंड तेवढं पाहिलं. तो रागावलेला नव्हता. तो वाट बघत होता.

"मोसम चांगला झाला," लायनस म्हणाला. "सगळ्यांचे आभार." आणि खाली बसला.

टाळ्या संपायच्या आत दाराजवळच्या त्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

त्यानंतर लायनसचा टँकर आला की दूधखोलीत कुणी नसायचं. दार उघडं, टाकी भरलेली, जमीन धुतलेली. वसंतात रोमनने गाई विकल्या. लिलावाच्या दिवशी लायनस आला, कुंपणाशी उभा राहिला, एकही बोली न लावता गेला. रोमन आणि मार्सेला पश्चिमेला डाकोटात गेले. तिथे बिटाच्या साखर कारखान्यात त्याला काम मिळालं. मार्सेला मला नाताळला कार्ड पाठवायची. बर्फ किती पडला, मुलींची लग्नं. खेळाबद्दल कधीच काही नाही.

लायनस मॅनेजर राहिला. पुढे एक वर्ष जो संघ जिंकला त्याचा एकच पिचर होता, त्याने सगळी स्पर्धा एकट्याने ओढली. त्याच्या पुढच्या वर्षी जिंकले ते पाच साधे पिचर घेऊन आलेले. बारमध्ये वाद तसाच चालू राहिला, दोन्ही बाजूंना दर वर्षी नवा पुरावा मिळायचा. लायनस त्यात बोलायचा नाही. एकदा मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "बाई, प्रश्न कुणाच्या हातात जोर किती हा नव्हताच. काढायचा कधी हा होता. ते माझं काम होतं."

एका शरदात तो एकटा गाडी घेऊन डाकोटाला गेला. कारखान्याच्या फाटकाबाहेर पाळी सुटेपर्यंत थांबला. रोमन बाहेर आला. दोघे गाडीला टेकून उभे राहिले. मक्याचं बोलले, बापाच्या थडग्यावरचा दगड कलला होता त्याचं बोलले. मग रोमन म्हणाला, "मार्सेला जेवायला थांबली असेल." लायनसला चल म्हणाला नाही. लायनस तसाच परत आला.

पुढच्या उन्हाळ्यात, मोसमाच्या पहिल्या रविवारी, सामना सुरू होण्याआधी लायनस ध्वनिक्षेपकाच्या टपरीत शिरला. खेळाडूंची नावं सांगणाऱ्याला त्याने बाजूला सरकवलं. त्याचा आवाज मैदानभर आला, चिरकत.

"चौऱ्याहत्तर साली अंतिम सामना माझ्यामुळे गेला. डेल संपला होता, ते मला दिसत होतं. रोमनला मी दोन डाव आधी आणायला हवा होता. त्याआधी सुरुवात त्याला द्यायला हवी होती, तसा शब्द दिला होता. रोमनचं काही चुकलं नाही. आता खेळा."

 मग माझ्या मागच्या बाकावरचा एक तरुण बाप बायकोला म्हणाला, "कोण रोमन?" गिल्बर्ट खाली बघत सॉसेजवर मोहरी लावत राहिला. अध्यक्षांनी काहीतरी बोलायला हवं म्हणून शेवटी ओरडला, "ऐकलंत ना? चला, टोप्या काढा, राष्ट्रगीत." त्या दिवशी आम्ही जिंकलो, आणि संध्याकाळपर्यंत गावाने तो विषय नीट घडी करून ठेवून दिला. पण बारमधली ती गंमत त्यानंतर मी ऐकली नाही.

मी लायनसला विचारलं, "रोमनला कळवलंस का?"

"मी कसा कळवू?" तो म्हणाला. "बघ मी काय केलं, असं सांगायला गेल्यासारखं होईल. शाबासकी मागायला. कळेल त्याला. गावात एवढी माणसं आहेत."

लायनस या मार्चमध्ये गेला. टँकर केव्हाच विकला होता, फुप्फुसं थकली होती. शेवटपर्यंत विचारलं की म्हणायचा ठीक आहे. रोमन आणि मार्सेला दफनाला आले. रोमनचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, खांदा एका बाजूला उतरलाय. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. गिल्बर्ट, आता काठीवर, त्याच्यापाशी आला.

"रोमन," तो म्हणाला, "आम्ही तेव्हा फार बोललो तुला. पण लायनसने नंतर भोंग्यावरून सांगितलं तेव्हा आम्हाला..." 

"काय सांगितलं?" रोमनने विचारलं.

गिल्बर्टने माझ्याकडे पाहिलं. मी मार्सेलाकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, तिलाही माहीत नव्हतं. टेबलाभोवतीचा एकेक माणूस दुसऱ्याकडे बघत होता, आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकच होतं. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

मग मी त्याला सांगितलं. लायनस बोलला ते सगळं, त्याच शब्दांत, वाक्यामागून वाक्य. पाठांतर मी आयुष्यभर करून घेतलं आहे, ते कधीतरी कामाला यायचंच होतं. रोमनने ऐकलं. त्याने विचारलं, "कुठलं वर्ष?" मी सांगितलं. त्याने बोटांनी टेबलावर काहीतरी मोजलं आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं.

"मी घरीच होतो की," तो म्हणाला. "फोन होता आमच्याकडे."

मार्सेलाने त्याचा कोट आणला. दफनभूमीत माणसं अजून माती लोटत होती. तो तिकडे गेला नाही. गाडीत बसला आणि काच वर केली.